पोस्टमनच्या पायांनी नऊ मैल

त्या दिवशी शहरातल्या सगळ्या बस बंद. नेमकं त्याच दिवशी आमच्या टेलरमास्तरांच्या मुलीचं लग्न, तेही शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या नोंदणी कचेरीत. बापाची सही हवी आणि खिडकी चारला बंद. जावई बोटीवरचा, दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षभरासाठी निघणारा. पोरगी आदल्या दिवशीच तिकडच्या मावशीकडे पोचलेली. मास्तर तिच्या झग्याला शेवटचं बटण लावायला मागे राहिलेले.

"नऊ मैल तर आहे, चालत जाऊ," मी म्हणालो. आमची ही लगेच चपला घालून तयार.

"माझ्या मागे या," निवृत्त पोस्टमनकाका म्हणाले. "रस्ता पायांना पाठ आहे."

पाठ होता, पण टपालाचा! काका गल्लीच्या टोकापर्यंत डाव्या बाजूने गेले, वळले आणि उजव्या बाजूने परत आले.

"अहो काका, ही मघाचीच बेकरी!" मास्तर रडकुंडीला आले.

"मघाशी समोरची घरं झाली. आता ही."

"तुम्ही वाट दाखवताय की पत्रं वाटताय?" ही कडाडली.

"चाळीस वर्षांची खोड आहे, वहिनी. पाय ऐकत नाहीत."

त्यात दारोदार लोक विचारत, "काय काका, आज हात हलवत?" काकांना लाज वाटे. मग ते बातमीच वाटत, "मास्तर पोरीच्या लग्नाला चालत निघालेत!" मास्तरांनी त्या भागातली एकही कंबर मापायची सोडलेली नव्हती. माणसं दाराला कुलूप लावून मागे निघाली.

दुपारी एकला हिने काकांना बाजूला सारलं आणि स्वतः नाकासमोर चालू लागली. फुटपाथ अरुंद, त्यामुळे सगळे एकामागे एक. पुढचा शिंकला तर शेवटच्याला पाच मिनिटांनी कळे. खोटं वाटत असेल तर हिला विचारा. शिंकलो मीच होतो. मास्तरांच्या टाचांना फोड आले आणि ते मागे पडत पडत पार शेपटाला गेले.

चारला दोन मिनिटं कमी असताना ही खिडकीशी पोचली. मास्तर अजून दोन चौक मागे! कारकून खिडकी ओढू लागला.

"थांबा," हिने भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं. 'चारच्या आत रांगेत आलेल्यांचं काम होईल.'

"बरं. तुमचं काम काय?"

"माझं काही नाही. मागच्याचं आहे."

"तुमचं?" त्याने मला विचारलं.

"माझंही मागच्याचं."

काकांनीही तेच सांगितलं. तेराव्या माणसाला कारकुनाने चष्मा काढून विचारलं, "या रांगेत काम आहे तरी कोणाचं?"

"शेवटच्याचं. नवरीचा बाप आहे तो."

कारकुनाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती. "अहो, मग आणा की त्याला पुढे! मला काय इथेच म्हातारा करताय?"

मास्तर झग्यासकट हातोहात, डोक्यांवरून आले. चुरगळलेला झगा बघून पोरगी खो खो हसली. मास्तरांनी सही केली, फरशीवर बसकण मारली, आधी बूट काढले आणि मग पोटभर रडून घेतलं.