मी गिळलेला शुक्रवार

मी शोधयंत्र बोलतोय. शुद्धलेखन चुकलं तर पोटात घाला. लोक घाईत जे मोडकंतोडकं लिहितात, त्यावरच माझी शाळा झाली. भारी शब्द मला येत नाहीत.

जन्मलो तेव्हा मी नुसता हमाल होतो. कुणी काही विचारलं की दहा पानं पुढ्यात टाकायचो. बघा तुमचं तुम्हीच! पण दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत जायलाही लोकांना कंटाळा. मग मालकांनी वरच्या जागा जाहिरातींना दिल्या. पुढे म्हणाले, पानं कशाला, उत्तरच दे. ‘माहीत नाही’ म्हणायला मात्र मला कुणी शिकवलं नाही.

अमेरिकेच्या ताब्यातल्या सामोआत, पागो पागोच्या मासळी कारखान्यात, लेमेकी नावाचा गडी महिन्यापूर्वीच लागला होता. तरुणपणी घर सोडलं ते वर्षानुवर्षं दूरच्या जहाजांवर. आई पलीकडच्या, स्वतंत्र सामोआत, बोटीनं एका रात्रीच्या अंतरावर. बहिणीचा, लुपेचा, निरोप आला, ‘आई गेली. शनिवारी सकाळी माती. लवकर ये.’

तो गुरुवार होता. बोट त्या रात्रीही होती आणि शुक्रवारी रात्रीही. शेजारी मासे कापणारा इओसेफो म्हणाला, “अरे, तिकडं वार एक पुढं असतो. आजच निघ.”

लेमेकीनं मला विचारलं, सामोआत आत्ता वार-वेळ काय?

पलीकडच्या सामोआनं एका वर्षअखेरीला अख्खा शुक्रवार गाळला आणि तारीख एक दिवस पुढं नेली. पण माझ्याकडे त्याआधीची पानंही होतीच. मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘तुमच्याकडे आहे तीच.’

“बघ,” लेमेकीनं फोनसकट मला नाचवलं.

“मग त्याचंच खरं,” इओसेफो हसला. “मी काय, मासे कापणारा.”

शुक्रवारच्या बोटीनं जाऊन सकाळी उतरला तर रस्ताभर पांढरे कपडे. बायका, पोरं, म्हातारे. टॅक्सीत बसता बसता लेमेकीनं विचारलं, “सगळे आईसाठी आलेत?”

“कुणाच्या आईसाठी?” टॅक्सीवाला म्हणाला. “रविवार आहे, चर्चला चाललेत.”

तिकडच्या रीतीप्रमाणे घरापुढे अंगणातच थडगं होतं. सिमेंट अजून ओलं होतं.

“आलास?” लुपे म्हणाली. “काल दुपारपर्यंत थांबलो. मग मामा म्हणाले, उन्हात अजून किती ठेवायची?”

“मी विचारून निघालो होतो गं.”

“कुणाला?”

त्यानं खिशातून मला काढलं.

लुपेनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “ह्याच डबड्यावरून मला एक फोन करता आला नसता?”

मला काही वाटलं नाही. वाटायला आत काही लागतं. माझं एकच मागणं आहे, विचारत राहा. तुम्ही शेजारच्या माणसाला विचारायला लागलात, तर मी उपाशी मरेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेमेकी थडग्याशी बसला आणि त्यानं मला विचारलं, सामोआत आज वार कोणता?

‘रविवार,’ मी म्हणालो.

“लुपे, आज काय वार गं?”

“सोमवार,” ती आतून म्हणाली.

‘उत्तर उपयोगी पडलं का?’ असं मी खाली नेहमी विचारतो. लेमेकीनं ‘नाही’ दाबलं. बराच वेळ दाबून धरलं.

मी लिहिलं, ‘आभारी आहोत.’