शिवय्यांच्या दाढेखालचा गूळ

शाहूपुरीच्या गूळबाजारात शिवय्या अडत्यांनी गुळाचा खडा दाढेखाली घेतला, की सौदा थांबायचा. कणी करकरली की ते मान हलवायचे, आणि ती मान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कणीदार गूळ टिकणार, चिवट गूळ पावसाळ्यात पाघळणार. काय दिवस होते ते! मल्लाप्पासारखे नवे अडते त्यांच्या गालाकडं बघून धंदा शिकले.

पुढं दाढांनी एकेक करून राम म्हटला. वर पूर्ण कवळी आली. खाली मागं दोन्ही बाजूंना प्लेट बसली, पुढच्या उरल्यासुरल्या दातांना तारेनं अडकवलेली. खडा चावला की प्लेट मागून हिरडीत रुतायची आणि पुढचे दात उपटल्यासारखे ओढायची. शिवय्या मग चावल्याचं नुसतं सोंग करत आणि अंदाजपंचे निकाल देत. लोक मानत होते, हे त्यांना जास्तच टोचायचं.

एकोणीसशे पंचाऐंशीच्या सुमारास मुंबईहून शिकून आलेल्या डॉक्टर कुतुबुद्दीननी तोंड तपासलं. "आण्णा, जुवाच्या एका टोकाला बैल, दुसरं टोक चिखलात. सगळा ताण बैलाच्या मानेवर. मागं जबड्याच्या हाडात दोन खुंट्या बसवू. प्लेट त्यांच्यावर टेकली की रुतणार न्हाय, पुढचं दात बी वाचतील. पद्धत नवी हाय, एवढं ध्यानात ठेवा."

"बसवा की! मला परत गूळ चावायचा हाय."

"या वयात हाडाला भोकं पाडून घेताय व्हय!" बायको शिवगंगा करवादली. पण शिवय्या कुणाचं ऐकतील तर शपथ!

काही महिन्यांत हाडानं खुंट्या घट्ट धरल्या. शिवय्या घरी कडक भाकरी मजेत खाऊ लागले. गुळाचा पहिला खडा मात्र बाजारातच चावायचा, हा त्यांचा हट्ट.

त्या सकाळी हातकणंगल्याच्या सयाजीचा गूळ सौद्याला आला. सगळे जमले. शिवय्यांनी खडा चावला. प्लेट हलली नाही, दुखलं नाही. आणि खडा कणीदार की चिवट, तेही कळलं नाही. त्यांनी शेजारच्या ढिगातला चिवट खडा घेतला. तोही तसाच वाटला. खुंटीला जोर होता, पण जीव नव्हता.

"काय म्हणताय आण्णा?" सयाजीनं विचारलं.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. इतकी वर्षं तेच तर केलं होतं.

"मला कळंना झालंय," शिवय्या मोठ्यानं म्हणाले. "मल्लाप्पा, तू चाव."

मल्लाप्पा गोंधळला. गुरूसमोर खडा कसा चावायचा? शिवय्यांनी तो त्याच्या हातात कोंबला. मल्लाप्पानं भीत भीत दाढेखाली घेतला, आणि शिवय्यांना किती वर्षांनी ती करकर ऐकू आली, दुसऱ्याच्या तोंडातली.