मास्तरांचं कापसाचं पोट

उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात गेला, आणि म्हातारपणी काय शिवायला घेतलं, तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या जहाजावरच्या कप्तानाचा कोट! मास्तरीणबाई म्हणायच्या, "नसतं खूळ." पण हळूच म्हणायच्या, कारण हे खूळ नव्हतं तेव्हाचे दिवस त्यांनी पाहिले होते.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो. मास्तरांचा उजवा पाय आयुष्यभर त्या ब्रेकवर. निवृत्त झाले, गाडी सुटली, पाय काही सुटला नाही. खिडकीत खुर्ची टाकून बसायचे, आणि रस्त्यावर कोणी वळणावर जोरात गाडी घातली की इकडे मास्तरांचा पाय फरशीवर दाबला जायचा. बोलणं म्हणाल तर हूं आणि उहूं. समोरचा चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची. असे महिने गेले. बाईंनी भांडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. भांडायलाही समोरचा माणूस लागतो हो! त्या मनातून घाबरल्या होत्या.

शेवटी मुलीने मास्तरांना ओढत संग्रहालयात नेलं. तिथे काचेच्या कपाटात तो कोट होता, निळ्या लोकरीचा, छातीवर बटणांच्या दोन रांगा. मास्तर त्याच्यासमोर इतका वेळ उभे राहिले की पहारेकरी येऊन संशयाने बघून गेला. रात्री जेवताना मास्तरांनी अचानक तोंड उघडलं, "त्या कोटाची पाठीवरची शिवण सरळ नाहीये. का नसेल?"

बाईंना त्या शिवणीशी काय देणंघेणं! पण त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला. "का हो नसेल?" त्या म्हणाल्या. मास्तर जे बोलायला लागले ते पुढची दोन वर्षं थांबले नाहीत.

लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आली. अर्जविनंत्या करून मास्तरांनी तो कोट आतून बघायची परवानगी मिळवली आणि घरी आले ते हादरलेच. "अगं, आतून कसंही शिवलंय! दिसणार नाही तिथे टाके हे एवढाले!"

"माणसंच होती ती," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मलाही तसंच शिवायला हवं." आता आली का पंचाईत! मास्तरांचा हात मुळातला नीटनेटका. आळशी टाका त्यांना जमेना. जुन्या चादरीवर ते आठवडाभर आळशी टाक्यांचा सराव करत बसले, घाम पुसत.

"मला सांगायचं होतंत ना," बाई म्हणाल्या. "माझे सगळेच टाके तसे असतात."

नियम कडक होते. मशीन नाही. चेन नाही. सेफ्टी पिन तर घरातूनच हद्दपार. दोऱ्याला मेण लावून सगळं हाताने. "त्या काळी विजेचे दिवेही नव्हते," बाई एकदा म्हणाल्या, "मेणबत्ती आणू?" आणि मास्तर चक्क विचारात पडले, तेव्हा बाईंनीच विषय बदलला.

खरी अडचण वेगळीच होती. आपल्या अंगावरच्या कोटाला आपणच टाचण्या लावायच्या कशा? अर्धवट कोट ताणला तर शिवणी फाकतात, म्हणून मास्तर तो स्वतः घालूनही बघेनात. उपाय घरातच होता. नवराबायकोची उंची सारखी, खांदेही सारखे. लग्नाच्या फोटोत यावरून फोटोग्राफरनेसुद्धा चेष्टा केली होती. फरक काय तो पोटाचा. मास्तरांनी कपाटातून कापसाची एक जुनी गुबगुबीत उशी काढली, आपल्या पोटाशी टेप लावून ताडून पाहिली आणि बाईंच्या पोटावर ओढणीने बांधली.

"उभी राहा."

"किती वेळ?"

"बाही बसेपर्यंत."

झालं! तेव्हापासून दर रविवारी बाई पोट बांधून खोलीच्या मधोमध उभ्या. भाजी जळो, बेल वाजो, हलायचं नाही. मास्तर तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती फिरायचे आणि टाचण्यांच्या फटीतून कप्तान, वादळं, बटणं असलं काय काय सांगायचे. उशीला तर नावच पडलं. "अगं, माझं पोट कुठे ठेवलंस?" मास्तर ओरडायचे. "उन्हात टाकलंय," स्वयंपाकघरातून उत्तर यायचं. एकदा दारात कुरिअरवाला उभा होता. तो सही न घेताच गेला.

प्रत्येक वेळी कोट घातला की मास्तर मागे सरकून डोळे बारीक करायचे. "पुढून जरा ढगळ वाटतोय." मग टाचण्या, मग उसवणं, मग पुन्हा शिवणं. पुढच्या महिन्यात परत तेच. "ढगळच आहे गं. कापड सैल पडतंय बहुतेक." कोट बिचारा आत आत येत गेला, आणि मास्तर आपल्या नजरेवर खूश होत गेले.

मग संग्रहालयाने पोशाखांचा दिवस ठरवला. जुने कपडे शिवणारी शहरातली हौशी मंडळी आपापले पोशाख घालून मोठ्या दालनातून चालणार, लोक बघणार. मास्तरांनी अख्ख्या ड्रायव्हिंग स्कूलला आमंत्रण दिलं. ते लोक आजवर त्यांना "काय टेलर मास्तर!" म्हणून हसत होते. आता बघाच म्हणावं.

त्या दिवशी सकाळी मास्तरांनी दाढी केली, पांढरा सदरा घातला आणि पहिल्यांदाच कोट अंगावर चढवला. खांदे बसले. बाह्या बसल्या. पाठ अशी बसली की काय सांगावं! मग त्यांनी पुढची बटणं लावायला घेतली, तर बटण इथे आणि काज तिथे, मध्ये चांगलं चार बोटांचं अंतर. मास्तरांनी श्वास घेतला, पोट आत ओढलं, डोळे पांढरे केले. काजाचा दोरा कुरकुरला. त्यांनी झटकन हात सोडले.

दोघांनी एकदमच पलंगावर पडलेल्या उशीकडे पाहिलं. दोन वर्षं दर रविवारी बांधून आवळलेली ती बिचारी उशी बसून बसून पोळीएवढी पातळ झाली होती. आणि मास्तर दोन वर्षं बसून शिवत होते, तेव्हा त्यांचं स्वतःचं पोट काही बसलं नव्हतं.

बाईंना हसू आलं. अगदी ओठांपर्यंत आलं. पण मास्तरांनी कोट उतरवला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि ते खिडकीत जाऊन बसले.

"अहो."

"हूं."

"उसवून होईल का?"

"उहूं."

खाली वळणावर एक गाडी जोरात आली. मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला.

बाईंनी तो पाय पाहिला. कोट गेला खड्ड्यात, पण हा माणूस परत त्या खिडकीत गेला तर? त्या उठल्या. कोट उचलला, आरशासमोर अंगावर चढवला आणि खालपासून वरपर्यंत बटणं लावली. एक बटण अडलं नाही की एक सुरकुती पडली नाही. कोट जसा काही त्यांच्याच अंगावर वाढला होता.

"चला," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी वळून पाहिलं. "कुठे?"

"कुठे म्हणजे? सगळ्या ड्रायव्हिंग स्कूलला बोलावलंय ना? मी चालते, तुम्ही सांगा."

"अगं, पण तू? तू तर म्हणालीस, त्या नाटकी लोकांत मी मेले तरी येणार नाही."

"मेले नाहीये अजून. चपला घाला."

दालनाच्या दारात बाई क्षणभर अडल्या, पण कोटाचे खिसे खोल होते. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले, मान वर केली आणि सरळ चालत सुटल्या. जन्मात त्यांच्या कुठल्या कपड्याला असे खिसे नव्हते. हौशी मंडळींच्या म्होरक्या म्हणजे एक निवृत्त नर्स. त्यांच्या घागऱ्याचा घेर एवढा की सगळे त्यांना घेरवाल्या ताईच म्हणत. त्यांनी बाईंना थांबवलं, पाठीच्या शिवणीवरून बोट फिरवलं, अस्तर उलटून पाहिलं.

"आतले टाके अस्सल आळशी आहेत हं!" त्या म्हणाल्या. मास्तर लाजले. "आणि बसलाय कसा! कोणाच्या मापाने बेतलात?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मिटलं. "हिच्या," ते म्हणाले.

मग काय विचारता! "बायकोसाठी कप्तानाचा कोट! तोही हाताने!" बायका आपापल्या नवऱ्यांकडे वळल्या आणि नवरे छताकडे बघायला लागले. मास्तर खरं सांगायला धडपडत होते. "तसं नाही हो, ती उशी..." पण ऐकतंय कोण! शेवटी कोणीतरी पाठीच्या तिरक्या शिवणीचं विचारलं, आणि मास्तर जे सुटले ते दिवे मालवेपर्यंत. ड्रायव्हिंग स्कूलची सगळी मंडळी वह्या नसलेल्या विद्यार्थ्यांसारखी गुमान ऐकत होती. बाईंच्या टाचा दुखत होत्या, गळ्याशी लोकर टोचत होती, आणि इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर मास्तर पायातल्या चपला काढत म्हणाले, "मला खोटं खोटं कौतुक मिळालं गं. मी माझाच शिवत होतो."

"माझ्या पोटावर उशी बांधून? मला नसेल ठाऊक तर कोणाला असेल?" मग त्या जरा थांबल्या. "मला कोटाचं काही नव्हतं हो. तुम्ही परत खिडकीत बसलात ना सकाळी, तेव्हा फार भीती वाटली."

मास्तरांनी चपला कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या. मग त्यांनी विचारलं, "मग तो आता उतरवणार आहेस की नाही?"

"नाही. खिसे आहेत याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी उरलेली निळी लोकर जेवणाच्या टेबलावर पसरली आणि टेप घेऊन मास्तरांना समोर उभं केलं.

"पोट आत ओढायचं नाही."

"ओढलेलं नाही."

"सोडा श्वास. अजून. अजून सोडा... हां, हे खरे तुम्ही."

त्यांनी आकडा पाहिला, मोठ्याने वाचला नाही, खडूने कापडावर रेघा मारल्या आणि कात्री उचलली. खुर्चीत जाऊन बसलेले मास्तर टोकावर आले. "अगं, आधी नीट बघ... डावीकडे घे... हळू!"

लग्नानंतर एकदाच बाई त्यांच्याकडे गाडी शिकायला बसल्या होत्या. मास्तरांनी सगळा रस्ता ब्रेक दाबून ठेवला होता आणि बाई चौकात उतरून चालत घरी आल्या होत्या. आज त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. मास्तरांचा उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला होता.

"पाय काढा," बाई म्हणाल्या आणि कात्री चालवली.