कोंढ्याचा संगमरवर

डॉ. धनंजय वैरागडे यांनी हातोडीच्या एका घावात दगड फोडला, ताज्या बाजूवर ॲसिडचा थेंब टाकला आणि फेस पुरता निघायच्या आतच तो दगड डिंपलच्या पायाशी टाकून दिला.

"संगमरवर," ते म्हणाले.

"सर, फेस तर दोन्हींना येतो."

"हे तू मला सांगतेस?"

डिंपल नान्हेने वाकून दगड उचलला आणि पिशवीत ठेवला. ते पाहून वैरागड्यांना हसू आलं. गोवऱ्या वेचल्यासारखी दगड वेचते, त्यांच्या मनात आलं. मुळात डिंपल हे नावच त्यांना खटकलं होतं. प्रबंधाच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत डिंपल! आत दोनशे चाळीस पानं, आणि त्या सगळ्यांचा मथितार्थ एवढाच, की कोंढ्याजवळची ही पहाडी संगमरवराची नसून कार्बोनेटाइटची आहे. म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वितळून वर आलेल्या दगडाची. त्यात सेरियम आहे, लँथॅनम आहे, मोबाइलपासून मोटारींच्या चुंबकांपर्यंत ज्यांच्यासाठी जग वखवखलंय ती दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं आहेत. आणि ती सापडली कोणाला, तर तळ्यात जाळी टाकणाऱ्याच्या मुलीला.

पहाडी संगमरवराची आहे, हे छत्तीस वर्षांपूर्वी खुद्द वैरागड्यांनी सिद्ध केलं होतं. त्यांच्या प्रबंधातला नकाशा पुढे पाठ्यपुस्तकात गेला. 'कोंढ्याचा संगमरवर' हा शब्दप्रयोगही त्यांचाच. आता परीक्षक म्हणून प्रबंध त्यांच्याकडेच आला होता. अमान्य करण्याचा अहवाल लिहूनही झाला होता. 'प्रत्यक्ष पाहणीअंती' एवढे दोन शब्द घालता यावेत म्हणून ते नागपूरहून गाडी करून आले होते. वर चढण्याचा प्रश्न नव्हता. गुडघे, त्यांनी सांगितलं होतं.

डिंपलने पायथ्याच्या पळसाखाली कागद पसरले. दगडाच्या पातळ कापाचे फोटो, त्यातले ॲपेटाइट या खनिजाचे कण, भोवतालच्या खडकात झालेला बदल, प्रयोगशाळेचे आकडे.

"आकडे काय, मशीन देतंच," वैरागडे म्हणाले. "गहू घातलेस तरी देईल."

"हो सर. पण एक विचारायचं होतं." तिने वही उघडली. "तुमचा सतरा नंबरचा नमुना विभागात ठेवलेला आहे. तो मी तपासला. तो खरंच संगमरवर आहे. त्यात यातलं काहीच नाही. तुमच्या नकाशात तो माथ्यावरून घेतलेला दाखवला आहे. मी दोन वर्षं ती जागा शोधून राहिले…" ती थांबली. "शोधते आहे. पहाडीवर तसा दगडच नाही."

तिने भाषा सावरून घेतली ते त्यांच्या कानातून सुटलं नाही. त्यांचं बालपण मोहाडीत गेलं होतं, वडील तहसिलीत कारकून. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या दोन महिन्यांतच त्यांनी मले-तुले टाकून दिलं होतं. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी विज्ञानाच्या वाटेला जाऊ नये, असं त्यांचं मत होतं.

"शोधायला नजर लागते," ते म्हणाले.

तिने प्रबंधात त्या एका नमुन्यासाठी अख्खं प्रकरण खर्ची घातलं होतं. संगमरवराचा तुकडा कार्बोनेटाइटमध्ये कसा अडकला असेल याचे तीन तर्क मांडले होते, आणि तिन्हींत 'डॉ. वैरागडे यांच्या अचूक निरीक्षणानुसार' असं लिहिलं होतं. अहवालात वैरागड्यांनी नेमकं त्याच प्रकरणावर बोट ठेवलं होतं.

तेवढ्यात खांद्यावर जाळं टाकलेला एक म्हातारा पुनर्वसनाच्या वस्तीकडून आला आणि गाडी पाहून थबकला.

"सरकारी हाये का?" त्याने विचारलं.

"नाही आबाजी," डिंपल म्हणाली. "मी दगडांचा अभ्यास करते. इथलेच का तुम्ही?"

"मंगरू म्हंतेत मले. जुनं गाव बुडालं, मंग इथं आलो. आता गोसेले पोरीकडं ऱ्हातो, पन वस्तीत येनंजानं हाये." तो उकिडवा बसला. पसरलेले फोटो त्याने कौतुकाने पाहिले. "दगडाचे फोटू काढून राहिली होय? पहिले बी आला होता एक साहेब दगडासाठी. धरणाचं काम नुकतंच लागलं होतं तवा."

वैरागड्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसू लागले.

"वर नेलं होतं त्यांना?" डिंपलने विचारलं.

"कायचं वर! या पळसाखालीच बसून राहे. ऊन लागे त्याले. मले म्हने, जा रे, शेंड्यावरचा दगड घेऊन ये. मी म्हटलं, कोनता आनू साहेब, वर दोन-तीन जातीचे हायेत. तं हासला. म्हने, तुले काय समजते जातीतलं, हात लागंल तो उचल."

"मग?"

"मंग काय. मी कायले चढू? तिथं, नाल्याच्या काठाले चुन्याची भट्टी होती. तुमसराकडून बैलबंड्या भरून पांढरा दगड येत होता तिच्यासाठी. त्यातला एक उचलला, घटकाभर झाडाखाली झोपलो अन् नेऊन देला. त्यानं त्याच्यावर शाईनं नंबर टाकला." मंगरू आठवून गालात हसला. "मोहाडीचा होता म्हने. पन आपली बोली बोले नाई. मी बोललो का असा तोंडाकडं पाहे. मी मनात म्हटलं, हा मोहाडीचा असंल तं मी विलायतेचा."

डिंपल हसली नाही. तिची पेन्सिल वहीवर टेकलेली होती, पण तिने काही लिहिलं नाही. मग तिने वही मिटली आणि एकेक फोटो गोळा करू लागली. ती वैरागड्यांकडे पाहील, निदान एकदा तरी पाहील, म्हणून ते चष्मा हातात धरून वाट पाहत राहिले. सापडल्याचा आनंद, राग, दया, कशाचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. म्हातारे लोक काहीही बरळतात, हे वाक्यही त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं.

"चला सर," ती म्हणाली. "तुम्हाला उशीर होईल."

वाटेत पवनीपर्यंत ती गाडीत होती. उतरताना तिने नमस्कार केला. चहालाही थांबली नाही.

पुढे महिनाभर वैरागड्यांनी अहवाल पाठवला नाही. पाठवला तो चार ओळींचा. प्रबंधाला मान्यता द्यावी, शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त कराव्यात. तिने आता विद्यापीठाला पत्र लिहिलं, तर आपण स्वतःच मान्यता दिली होती हे दाखवता येईल, असा हिशेब त्यात होता. पत्र मात्र आलं नाही.

मौखिक परीक्षेच्या दिवशी टेबलावर दुरुस्त प्रत होती. अध्यक्षांचं भाषण चालू असताना वैरागड्यांनी ती उघडली. सतरा नंबरच्या नमुन्याचं चौथं प्रकरण गेलं होतं. अनुक्रमणिकेत नव्हतं, तळटिपांत नव्हतं. शेवटच्या संदर्भसूचीत त्यांनी 'व'पाशी बोट नेलं. तिथेही काही नव्हतं. पानं चिकटली असतील म्हणून त्यांनी नखाने सोडवून पाहिली. खंडन केलं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं. खोटं ठरवलं असतं, तर निदान नाव तरी आलं असतं.

डिंपल स्वच्छ, संथ बोलली. मध्ये एकदा 'पाहून राहिले' असं म्हणून गेली आणि या वेळी तिने ते सावरलं नाही. मागच्या बाकावर तिचे वडील बसले होते. आकडे आले, फोटो आले, नकाशा आला. नकाशात पहाडी कार्बोनेटाइटच्या जांभळ्या रंगात होती.

"उत्तम," अध्यक्ष म्हणाले. "या पहाडीवर आधी कोणी काम केलं आहे का? म्हणजे परंपरा काय?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. वैरागड्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"नाही सर," डिंपल म्हणाली. "वर कोणी गेलेलं नाही."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि सहीचा कागद वैरागड्यांकडे सरकवला. ते पेन शोधू लागले. ते खिशालाच होतं. शेवटी डिंपलने पुढे होऊन आपलं पेन त्यांच्या हातात दिलं आणि सही कुठे करायची ती जागा बोटाने दाखवली.