नदीच्या पोरीचं बारसं

दुपारी जेवणासाठी उकडलेल्या कंदांचं फुफू कांडायला बसलं, की उखळातला गोळा परतायला सासूबाई दुफी आपल्या सुनेला, सेरवालाच हाक मारायच्या. बाळ झालं आणि ती हाक बंद झाली. आता शेजारीण येई. सेरवाचं ताट दाराशी सरकवलं जाई, तिच्याशी चार शब्द बोलायलाही कोणी थांबत नसे.

पोरीचे डोळे तिरपे, जीभ जराशी बाहेर. म्हाताऱ्यांनी बघताक्षणी ठरवलं, ही नदीची पोर, माणसाची नव्हे; नदीलाच परत द्यायची. म्हणून आठव्या दिवशी तिला नाव ठेवायला कुणी अंगणात आणलं नाही. बिननावाचं मूल पाहुणं. पाहुण्याची बोळवण करायला कुणाची हरकत असणार?

घानातल्या कुमासी शहरच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र रक्त तपासून समजावलं होतं, "हिला डाउन सिंड्रोम आहे. अशा काही बाळांच्या रक्तात कोवळ्या, न पिकलेल्या पेशींची गर्दी होते. बहुतेकदा ती आपोआप ओसरते. काहींना पुढे रक्ताचा कर्करोग होतो, पण वेळेत कळला तर तो बरा करता येतो. तपासणी चुकवू नका."

सेरवाने हे घरी सांगितलं आणि सासूबाईंच्या हाती कोलीतच मिळालं.

"बघा! रक्तसुद्धा माणसाचं नाही! उद्या नदीचे बुवा तिला न्यायला येतायत. अंडी, कोनफळाचा लगदा आणि ही, काठावर ठेवायचं. मागे वळून बघायचं नाही."

"ती नदीत जात नाही हो आई. काठावर मरते!" सेरवा म्हणाली.

"मी माझं ठेवलं तेव्हा मी नाही रडले!" म्हातारी बोलून गेली.

नाव ठेवायचा मान बापाकडच्यांचा. नवरा ओसेई उंबऱ्यात खाली मान घालून बसला होता. सेरवा पोरीला घेऊन भर उन्हात उखळापाशी आली. तिने बारशाच्या रीतीप्रमाणे पोरीच्या जिभेवर बोटाने पाण्याचा थेंब टेकवला, मग दारूचा.

"पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण. तुझं नाव दुफी."

आजीचंच नाव! मुसळ हवेत थांबलं. नावाला होकार द्यायची रीत, पण कुणी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा आले तेव्हा सेरवा पोरीला पाठीशी बांधून तपासणीसाठी एकटीच निघाली होती. "नदीची पोर कुठाय?" बुवांनी विचारलं.

म्हातारी दारात आडवी उभी राहिली. "या घरात दोन दुफी आहेत," ती म्हणाली. "आधी मला न्या."

बुवा परत गेले. संध्याकाळी सेरवा घरी आली, तर तिचं ताट आजही दाराशीच होतं. पोर वाचली, वाचकहो; पण त्या ताटाशेजारी जाऊन बसणारं माणूस अजून कोणी निघालेलं नाही.