लाइपझिगचं शुद्धिपत्र

बाबा गेले त्याला महिना झाला, तेव्हा वाचनालयाचे चिटणीस रवींद्रकाका घरी आले. हातात सोळा वर्षांपूर्वीची स्मरणिका होती.

"सहदेवदादांचा लाइपझिगचा लेख पुन्हा छापू म्हणतो," ते म्हणाले. "पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पुस्तिका वाटू. शुद्धिपत्रातली दुरुस्ती आतच घालतो, म्हणजे चूक राहणार नाही. तू फक्त हो म्हण."

मी हो म्हटलं नाही. चहा ठेवते म्हणून आत गेले.

बाबा नववीपर्यंत शिकलेले. कळव्याच्या एका छापखान्यात बांधणी खात्यात होते. १९८३ साली छापखान्याने पूर्व जर्मनीतून पुस्तकं शिवायचं यंत्र आणलं आणि ते शिकायला बाबांना पाच महिने लाइपझिगला पाठवलं. विठ्ठलवाडीच्या आमच्या वस्तीतून तोवर कोणी विमानात बसलं नव्हतं. त्या पाच महिन्यांवर ते पुढची पंचवीस वर्षं बोलले. तिथे एक अख्खी पेठ पुस्तकवाल्यांची होती, छापणारे, शिवणारे, विकणारे भिंतीला भिंत लावून राहायचे. १९४३ च्या डिसेंबरात एका पहाटे बॉम्ब पडले आणि ती पेठ लाखो पुस्तकांसकट जळाली. थॉमस चर्चमध्ये संगीतकार बाखची कबर आहे. तिच्यावर कोणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं, आणि ती कोणी ठेवली असतील याचा बाबा शेवटपर्यंत विचार करायचे.

वाचनालयाच्या त्या स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे होतं. मी नुकतीच डोंबिवलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागले होते. बाबांनी लेखात लिहिलं होतं की विद्यापीठाचं सातशे वर्षांचं चर्च युद्धातून वाचलं आणि १९६८ मध्ये तिथल्याच सरकारने सुरुंग लावून पाडलं. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या इर्मगार्डबाईंनी एका रविवारी त्यांना त्या चौकात नेलं होतं आणि आजूबाजूला बघत, हळू आवाजात हे सांगितलं होतं.

मुद्रितं मी घाईत तपासली. अंक छापून आल्यावर त्या वाक्याशी थांबले. माझ्याकडच्या पुस्तकात बॉम्बहल्ल्यात विद्यापीठ उद्ध्वस्त झाल्याचं होतं. विद्यापीठ म्हणजे त्याचं चर्चही, असं मी धरून चालले.

"बाबा, ते युद्धातच पडलं."

"अगं, इर्मगार्डबाईंनी पडताना बघितलंय. सांगताना रडत होत्या."

"रडणं म्हणजे पुरावा नव्हे."

हे मी वाचनालयात, पाच-सहा माणसांदेखत म्हटलं. कोणीतरी हसलंही. बाबा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बरं. तू शिकलेली. शुद्धिपत्र लावू."

'चर्च युद्धातच पडले' असा मजकूर मी केला. शेवटी 'मुद्रणदोषाबद्दल दिलगीर आहोत' असं घातलं, कारण तशी पद्धत आहे. तीनशे प्रतींमध्ये त्या वाक्यावर शुद्धिपत्राची पट्टी बाबांनी स्वतः बसून चिकटवली. त्यानंतर कोणी लाइपझिगचा विषय काढला की म्हणायचे, "विनिताला विचारा, तिला नक्की ठाऊक."

सहा वर्षांपूर्वी एका जाडजूड पुस्तकात मला एक फोटो दिसला. तीस मे १९६८, धुरळ्यात खचत जाणारं चर्च. युद्धात त्याचं फारसं काही बिघडलं नव्हतं. पाडण्याविरुद्ध बोलणाऱ्या काहींना तुरुंगात टाकलं, आणि पुढची वीस वर्षं लोक त्याबद्दल जपूनच बोलत. मी पुस्तक मिटलं. बाबा बाहेरच्या खोलीत मटार सोलत बसले होते. रविवारी निवांत सांगू, असं ठरवलं. मग पुढच्या रविवारी. नंतर त्यांना ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा ही काही ओरडून सांगायची गोष्ट नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

चहा घेऊन बाहेर आले.

"काका, लेख बरोबर आहे. शुद्धिपत्र चुकलंय."

"असं? मग मूळचं वाक्य ठेवतो. संपलं."

"जुन्या प्रती?"

"कपाटात असतील चाळीसेक. कोण उघडतंय? फार तर मुद्रणदोष म्हणून एक ओळ टाकू."

"मुद्रणदोष नव्हता तो. मी केलं होतं."

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, ते मोडून पडलं. "दादांच्या कार्यक्रमात तुझी चूक कशाला गं मिरवायची?"

तरी मी नवीन पट्ट्या छापून घेतल्या आणि चाळीस प्रतींचा गठ्ठा घेऊन आंबिवलीला जाईबाईंकडे गेले. त्या बाबांच्या हाताखाली वीस वर्षं बांधणीत होत्या. शुद्धिपत्रं लावायलाही त्या बाबांच्या मदतीला बसल्या होत्या.

जाईबाईंनी चिकटवायला खळ शिजवून ठेवली होती. मी पहिली प्रत उघडली. बाबांनी लावलेली पट्टी फक्त एका कडेला चिकटलेली होती. बोटाने उचलली की खाली त्यांचं वाक्य जसंच्या तसं. दुसऱ्या प्रतीतही तसंच. तिसरीतही.

"मुद्दाम ठेवलंय का त्यांनी असं? खालचं वाचता यावं म्हणून?"

"नाय गं बाय," जाईबाई म्हणाल्या. "शुद्धिपत्राला कडेलाच खळ लावतात. सगळा कागद चिकटवला तर पान आक्रसतं. तुझ्या बापानंच शिकवलं मला."

मी पट्टी खाली सोडली.

"तेव्हा काही बोलले का?"

"बोलनार काय? सरळ लाव म्हनला. पोरीचं काम हाय, वाकडं दिसायला नको."

आम्ही दोघी पट्ट्या कापायला बसलो. मग त्यांनी एक नवीन पट्टी डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचली. 'पान चौदा. लेखकाचे मूळ वाक्य बरोबर आहे. आधीचे शुद्धिपत्र संपादकाच्या चुकीमुळे दिले गेले, असे नुकतेच लक्षात आले.'

"नुकतंच म्हंजे? सादेव गेल्यावर?"

मी कात्री खाली ठेवली.

"नाही. सहा वर्षं झाली."

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

खळीच्या वाटीवर जाईबाईंनी ताटली उपडी घातली आणि पट्ट्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "ही लावायची नाय मी," त्या म्हणाल्या. "नीट छापून आन. खळ राहते दोन दिस."

दोन दिवसांनी मी पुन्हा गेले. या वेळी त्यांनी पट्टी वाचली, मान हलवली आणि वाटीत बोट बुडवलं. चाळीस प्रती झाल्या. उरलेल्या कोणाकोणाच्या घरात आहेत, रद्दीत गेल्या की काय, ते कळायला मार्ग नाही.

पुण्यानुमोदनाला वाचनालयात साठेक माणसं होती. त्रिशरण-पंचशील झाल्यावर रवींद्रकाकांनी पुस्तिका वाटली. शेवटच्या पानावर तोच नवीन मजकूर होता: 'लेखकाचे मूळ वाक्य बरोबर आहे. चूक दुरुस्ती करणाऱ्याची होती. ती सहा वर्षांपूर्वी कळली, पण लेखकाला सांगितली नाही. विनिता सहदेव.' पानं उलटल्याचा आवाज झाला. दोघीतिघींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. मी सतरंजीच्या कडेचा दोरा ओढत बसले.

समोर बसलेल्या शेवंतीकाकूंना, रवींद्रकाकांच्या बायकोला, वाचायला चष्मा लागतो आणि तो त्यांनी आणला नव्हता. शेजारणीने त्यांना कानात काहीतरी सांगितलं.

"मग ते चर्च पाडलं कोणी?" त्यांनी सगळ्यांना ऐकू येईल असं विचारलं.

रवींद्रकाकांनी माझ्याकडे पाहिलं. सोळा वर्षं या खोलीत हा प्रश्न कोणी बाबांना विचारला नव्हता. मी उठून उभी राहिले.

"लाइपझिगला इर्मगार्ड नावाच्या एक बाई होत्या," मी म्हणाले. "बाबांच्या शेजारच्या यंत्रावर."



"मोठ्याने बोल गं," मागून कोणीतरी म्हणालं.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.