हुजूर पक्षाचे पिंपळखुटे

टोपीतून निघालेली चिठ्ठी मोरेश्वर पिंपळखुट्यांनी दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. शेजारच्या रॉन एंटविसलनं मान लांब करून विचारलं, "काय निघालं?"

"हुजूर पक्ष. हिंदुस्थानला काहीही देऊ नका म्हणणारा."

रॉन इतका मोठ्यानं हसला की कॉफीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बायका वळून बघायला लागल्या. रॉन मूळचा इंग्लंडमधल्या लँकेशरचा. त्याची आई तिथल्या कापड गिरणीत माग चालवायची. त्याच्या चिठ्ठीत मजूर पक्ष होता, म्हणजे हिंदुस्थानला स्वराज्य मागायचं काम एका इंग्रजाकडे आलं होतं.

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या सीनियर सेंटरमध्ये दर बुधवारी सकाळी इतिहासाची आवड असलेली वीस-बावीस निवृत्त माणसं जमायची. अधूनमधून ती एखादा जुना गाजलेला वाद नव्यानं लढवायची. या वेळी बेव्हर्लीनं, म्हणजे मंडळ चालवणाऱ्या माजी शिक्षिकेनं, १९३५ सालची ब्रिटिश पार्लमेंट निवडली होती. विधेयक होतं हिंदुस्थानातल्या प्रांतांचा कारभार तिथल्या निवडून आलेल्या मंत्र्यांकडे सोपवण्याचं. सरकार म्हणत होतं, एवढं द्यावं. हुजूर पक्षातले कट्टर लोक म्हणत होते, हे फार झालं. मजूर पक्ष म्हणत होता, हे फारच थोडं आहे, यात खरं स्वराज्य कुठे आहे?

बेव्हर्ली लाल होऊन जवळ आली. "मोरेश्वर, मी चिठ्ठी बदलून देते. हे बरं दिसत नाही."

"नको," ते म्हणाले. "तेहेतीस वर्षं जे वाट्याला आलं ते लिहिलं. निवड कधी केली नाही."

मोरेश्वर मुंबईला विधानसभेत प्रतिवेदक होते. सभागृहात जे बोललं जाईल ते लघुलिपीत जसंच्या तसं टिपून घ्यायचं, हे त्यांचं काम. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनालाही दर वर्षी जायचे. तेहेतीस वर्षांत त्यांनी हजारो भाषणं कागदावर उतरवली आणि स्वतः एक वाक्यही बोलले नाहीत. निवृत्तीच्या निरोप समारंभातसुद्धा नमस्कारावर भागवलं होतं. पुढे नागपूरला घर घेतलं, तिथेच पत्नी गेली. आणि दीड वर्षापूर्वी मुलगी त्यांना इकडे घेऊन आली.

त्या दिवशी घ्यायला आलेल्या विनीताला त्यांनी गाडीत सगळं सांगितलं.

"अरे वा! मी हाफ डे टाकते आणि बघायला येते," ती म्हणाली. "बाबा, सीटबेल्ट."

"लावलाय. विनू, मी काय म्हणतो, दिवाळीच्या आधी नागपूरचं तिकीट..."

"बाबा, आत्ता नको ना. तुमचे रिपोर्ट्स येऊ देत, मग बघू."

उन्हाळ्याआधी 'उन्हाळा होऊ दे' होतं. बसनं एकट्यानं लायब्ररीत जाण्याचं विचारलं तेव्हा 'मी ड्रॉप करते ना' झालं. रॉन गाडीतून न्यायला तयार होता, पण तो एकोणऐंशी वर्षांचा, म्हणून तेही नको. मोरेश्वर चिडत नसत. विनीता औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती, दिवसभर मीटिंगमध्ये असायची, तरी दुपारी बरोबर साडेबाराला तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतलीत का.

भाषणासाठी त्यांनी इंटरनेटवर पार्लमेंटची जुनी कार्यवृत्तं शोधून काढली आणि आठवडाभर त्यात बुडून गेले. मजकुराइतकंच कौतुक त्यांना ते टिपणाऱ्या अनामिक माणसांचं वाटत होतं. एवढे व्यत्यय, एवढा आरडाओरडा, आणि वाक्य कुठे तुटलं नाही! मग त्यांनी कट्टर सभासदांचे मुद्दे काढून एक खणखणीत भाषण लिहिलं आणि नातीला वाचून दाखवलं.

अनिका सतरा वर्षांची. सोफ्यावर पाय वर घेऊन तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "आजोबा, यू साउंड लाइक अ व्हिलन."

"मग? तो आहेच."

"नो, पण त्याला तसं वाटत नाही ना. ही थिंक्स ही इज द गुड गाय."

मोरेश्वरांनी तो कागद फाडून टाकला. तिरस्कारानं नाही म्हणणारी माणसं त्यांनी पुष्कळ टिपली होती, पण तो आवाज त्यांच्या गळ्यात बसत नव्हता. पोटतिडकीनं, समोरच्याच्या काळजीनं नाही म्हणणारा माणूस कसा बोलेल? त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं आणि या वेळी हात भराभर चालला. तीन दिवसांत भाषण तयार झालं. वाक्यं कुठून येताहेत याचा विचार करायला त्यांना उसंतच नव्हती.

बुधवारी सेंटरमधल्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. बेव्हर्ली अध्यक्षा. विनीता मागच्या रांगेत फोन उभा धरून व्हिडिओ घेत होती. सरकारी बाजू मांडून झाली, रॉननं छातीवर हात ठेवून स्वराज्य मागितलं, आणि मग मोरेश्वर उठले. त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला.

"अध्यक्ष महोदय," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले, "मी या लोकांचा शत्रू नाही. माझं त्यांच्यावर प्रेम आहे, म्हणून तर बोलतो. मी नाही म्हणत नाही. मी फक्त आत्ता नको म्हणतो."

खोलीत हलकासा हशा पिकला. त्यांना धीर आला.

"त्यांना काय कमी आहे इथे? वेळेवर सगळं मिळतं. आपण करतोच आहोत ना त्यांचं? मग स्वतः करायचा हट्ट कशाला? ते म्हणतात, आम्हाला जमेल. आधीही म्हणाले होते. तेव्हा काय झालं, ते विसरले. आपण विसरलेलो नाही. थोडं थांबू. अहवाल येऊ देत. मग बघू."

टाळ्या पडल्या. वाजवायला बाक नव्हता म्हणून रॉन मांडी वाजवत होता. मोरेश्वरांनी वर पाहिलं, आणि त्यांना विनीता दिसली. तिनं फोन खाली घेतला होता. ती हसत नव्हती.

मग त्यांना ऐकू आलं, आपण कुणाच्या आवाजात बोलतोय ते.

कागदावर अजून अर्धं पान शिल्लक होतं. त्यांनी तो टेबलावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच ते न लिहिलेलं बोलले.

"अध्यक्ष महोदय, नाही म्हणणाऱ्यावर हसणं सोपं आहे. इतिहासात असे पुष्कळ जण केवळ सत्तेसाठी नाही म्हणाले, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण एखादा खरोखर घाबरलेला असतो. आपण दूर असताना तिकडे काही झालं तर, या विचारानं. त्या भीतीला उत्तर द्यायला हवं. स्वातंत्र्य मागणाऱ्यानंच द्यायला हवं." आणि ते खाली बसले.

मतदानाला सरकारच्या बाजूच्यांनी खिडकीकडे जायचं होतं आणि विरोधकांनी कॉफीकडे. खिडकीपाशी नऊ जण जमले, कॉफीपाशी तेरा. विधेयक पडलं. रॉन मोरेश्वरांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मला थोडं वाटलं म्हणून मी इथे, तुम्हाला फार वाटलं म्हणून तुम्ही इथे," तो म्हणाला. "आणि बिचाऱ्यांना मिळालं काय? काही नाही!"

"पार्लमेंटमध्येही दोघांनी विरोधच केला होता. तिथे सरकारचं बहुमत मोठं होतं, म्हणून निभावलं," मोरेश्वर म्हणाले, पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं. विनीता गाडी आणायला गेली होती.

घराच्या रस्त्याला न वळता तिनं तळ्याजवळच्या पार्किंगमध्ये गाडी लावली.

"मी अशी बोलते?"

"विनू, मी मुद्दाम नाही केलं गं. प्रेमानं नाही म्हणणारं माणूस शोधत होतो. मला दुसरं कुणी सापडेना."

ती हसली आणि तिथेच तिला रडू फुटलं. "तुम्हाला माहितीय का त्या दिवशी मी किती फोन केले? एक्केचाळीस. तुम्ही बाथरूममध्ये पडला होतात, शुगर लो होऊन, आणि मला वाटत होतं की फोन सायलेंटवर असेल. मीटिंगमध्ये बसून होते मी, बाबा. मग राधिकाकाकूंनी दार तोडून घेतलं. विमानात बावीस तास मला कळत नव्हतं की तुम्ही आहात की..."

मोरेश्वरांना पडल्याचं आठवत होतं. हॉस्पिटल आठवत होतं. शेजारच्या राधिकाबाईंनी दार फोडायला लावलं, तेही माहीत होतं. एक्केचाळीस फोन त्यांना आज पहिल्यांदा कळत होते.

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

तळ्यावरून दोन बदकं पार्किंगमध्ये चालत आली, गाडीसमोर थांबली आणि निघून गेली. मोरेश्वरांनी खिशातून रुमाल काढून मुलीला दिला.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मी नुसतं तिकीट मागत राहिलो. पण विनू, मला तिथे जायचंय. तुझ्याकडे काही कमी आहे म्हणून नाही. तिथे मी भाजी घ्यायला जातो तेव्हा भाजीवाली माझ्याशी भांडते. इथे माझ्याशी कुणी भांडत नाही."

"मी भांडते ना!"

"तू काळजी करतेस. भांडण वेगळं."

त्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर अनिका लॅपटॉप घेऊन बसली आणि दोन्ही पक्षांचं म्हणणं टाइप करू लागली. हिवाळ्याचे चार महिने नागपूर, मग परत कॅरी. घराची एक किल्ली राधिकाबाईंकडे. बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही. सकाळी आठला फोन, आणि तो मोरेश्वरांनी करायचा. एवढ्यावर एकमत झालं. मग विनीतानं दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर काढला, ज्याचे आकडे तिला तिच्या फोनवर दिसणार होते.

"म्हणजे राज्यपाल माझ्या दंडावर बसणार," मोरेश्वर म्हणाले. "त्या पस्तीसच्या कायद्यातही असंच होतं. मंत्री तुमचे, पण वेळ आली की अधिकार गव्हर्नरचे."

"बाबा, हे नॉन-निगोशिएबल आहे."

"आजोबा, टेक द डील," अनिका म्हणाली.

त्यांनी दंड पुढे केला.

ऑक्टोबरात विनीता त्यांना विमानतळावर सोडायला आली. रॉनही आला होता, तिच्याच गाडीत मागच्या सीटवर बसून. विमानतळावरची व्हीलचेअर घ्या, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मोरेश्वर आपली बॅग ओढत रांगेत शिरले आणि वळणापाशी मागे वळून त्यांनी हात हलवला. आता त्यांचाच पाय निघत नव्हता, पण ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी नऊला विनीताची मीटिंग सुरू झाली आणि टेबलावरचा फोन किरकिरला. साखर उतरत होती. नागपूरला संध्याकाळचे साडेसात. ती खुर्चीतून अर्धी उठली. नंबर लावणार तेवढ्यात मेसेज आला.

'कळलं. गूळ खाल्ला. राधिकाबाई समोर बसल्या आहेत, पत्ते खेळतोय, हरतोय. तू तुझं काम कर.'

तिनं तीन प्रश्न लिहिले आणि तिन्ही पुसून टाकले. आकडा पुन्हा चढायला लागेपर्यंत स्क्रीनकडे बघत राहिली. मग नुसतं 'बरं' लिहून पाठवलं आणि समोरच्या माणसाला म्हणाली, "सॉरी, तुम्ही बोला."